खानदेशातील रानपिंगळा
(भडगाव येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेसाठी भाषण)



गिरणेच्या काठी एखाद्या जुन्या चिंचेच्या किंवा कडुनिंबाच्या ढोलीतून तिन्हीसांजेला एक वाटोळ्या डोक्याचे, ठिपकेदार पाखरू डोळे वटारून बाहेर पाहते. भडगावात ते पिंगळा या नावाने सर्वांच्या परिचयाचे आहे. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्यालाही हेच नाव आहे. या पाखराची भाषा त्याला कळते, अशी जुनी समजूत. आजचा विषय मात्र या पाखराचा रानातला भाऊ, रानपिंगळा, हा आहे. दोघे दिसायला इतके सारखे की जाणत्या लोकांचीही फसगत झाली आणि त्या फसगतीत एका पक्ष्याचा ठावठिकाणा शंभरावर वर्षे लागला नाही.

रानपिंगळ्याची शास्त्रात प्रथम नोंद १८७३ साली झाली. ती करणारे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम म्हणजे पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूमसाहेब. ब्लुइट नावाच्या गृहस्थांनी १८७२ साली आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात हा पक्षी मिळवला, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात ब्लुइट यांचे नाव आले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने शहादे-तळोदे भागातून याचे अनेक नमुने जमवले. नोकरीत असतानाच पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी तयार करून ती त्यांनी ह्यूम यांच्या नियतकालिकात छापली. त्या काळी खानदेश हा एकच जिल्हा होता. पूर्व व पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ साली झाले. तेव्हा डेव्हिडसन यांचे रानपिंगळे आणि भडगाव ही एकाच जिल्ह्यातली!

१८८४ नंतर मात्र या पक्ष्याचा एकही खरा पुरावा मिळेना. जगातील संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी उरली होती. त्यांपैकी एकावर माइनर्त्सहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची चिठ्ठी होती: तापीकाठचे मांडवी, १९१४ साल. ही चिठ्ठी खरी मानल्यामुळे शोधाची दिशा बदलली. डॉ. सलीम अली व डिलन रिप्ले यांच्यासारख्या थोर अभ्यासकांनी शोध घेतला, तरी पक्षी सापडला नाही. मधल्या काळात रानपिंगळा म्हणून दाखवलेले छायाचित्रही साध्या पिंगळ्याचेच निघाले. पक्षी नष्ट झाला असावा, असे पुष्कळांना वाटू लागले.

अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हे जुने नमुने एकेक करून तपासले. प्रत्येक माणसाची कातडे भरण्याची एक रीत असते, जशी प्रत्येकाच्या हस्ताक्षराची असते. मांडवीच्या म्हणवल्या जाणाऱ्या नमुन्यात मूळची रीत डेव्हिडसन यांची दिसून आली. माइनर्त्सहागेन यांनी संग्रहालयातील डेव्हिडसन यांचा नमुना पळवून तो पुन्हा भरला होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. असे चौर्य त्यांनी इतर अनेक पक्ष्यांच्या बाबतीतही केल्याचे पुढे उघडकीस आले. एका माणसाच्या चार खोट्या शब्दांपायी कित्येकांचे श्रम वाया गेले, हे वर्गात इतिहास शिकवताना सांगण्याजोगे आहे.

मांडवी वगळल्यावर खऱ्या जागाच शोधायच्या उरल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे आधी पूर्वेकडील जुन्या ठिकाणी गेले. तेथे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, किंग यांना एका निष्पर्ण झाडावर तो उघड्यावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! पक्षी बराच वेळ बसून राहिल्यामुळे त्याचे चित्रणही करता आले. शहादे त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. त्यानंतर हा पक्षी मेळघाटात, मध्य प्रदेशातील लगतच्या जंगलांत, ठाण्याकडील तानसा भागात आणि जळगाव जिल्ह्याच्याच यावल अभयारण्यातही आढळला आहे.

दोघा भावांतील भेद असा ओळखावा. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट व ठसठशीत असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी तपकिरी दिसते. त्याची छाती गडद, पोट स्वच्छ पांढरे, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि डोके व पंजे अंगाच्या मानाने मोठे. याहूनही मोठा भेद सवयींत आहे. साधा पिंगळा मुख्यतः सांजेनंतर कामाला लागतो. रानपिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो. उंच फांदीवर बसून तो शेपटी इकडून तिकडे झटकतो, खाली टक लावतो आणि सरडा, पाल, उंदीर किंवा नाकतोडा दिसताच झेप घेतो. सरड्यांचा वाटा त्याच्या आहारात सर्वांत मोठा. थंडीच्या दिवसांत वीण होते. ढोलीत सहसा दोन अंडी घातली जातात. मादी उबवणीस बसली की नर तिला भक्ष्य आणून देतो.

ढोली तो स्वतः कोरत नाही. सुतारपक्ष्याने कोरलेली किंवा खोड कुजून झालेली पोकळी त्याला लागते. म्हणजेच म्हातारे झाड लागते. नेमके असेच झाड माणसाला निरुपयोगी वाटते आणि सरपणासाठी प्रथम त्यावरच कुऱ्हाड पडते. सागाच्या विरळ रानात वणवे लागतात, रान मोडून शेती होते, उंदरांसाठी घातलेले विष उंदरांमार्फत या पक्ष्याच्या पोटात जाते. याचा सगळा दोष डोंगरातील गरीब माणसावर टाकणे न्यायाचे नाही. सातपुड्याचा साग शहरांतल्या घरांनाही लागला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले आहे. तरीही जगातील प्रौढ रानपिंगळ्यांची संख्या हजाराच्या आतच असावी, असा अंदाज आहे. त्याची गणना अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होत असे. नवनव्या ठिकाणी आढळल्यामुळे २०१८ साली तो एक पायरी वर, संकटग्रस्तांत आला.

घुबडाच्या कुळावर जादूटोण्यासाठीही घाला पडतो. उलटपक्षी एक समजूत अशी आहे की घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नदीत घासत बसते आणि दगड झिजेल तसा मारणाराही झिजतो. समजूत खुळी खरी; पण हिच्यामुळे किती गलोली खाली झाल्या असतील, कोण जाणे! तरी मुलांना धाक घालण्यापेक्षा पिंगळा एका रात्रीत काय काय खातो हे दाखवणे बरे.

भडगावच्या काळ्या सपाटीत, कपाशी आणि केळीच्या शेतांत रानपिंगळा नाही. एखाद्या मुलाने तो पाहिल्याचे सांगितले, तर त्याला खोटे ठरवू नये व लगेच खरेही मानू नये. डोक्यावरचे ठिपके पाहून यावयास सांगावे. साधा पिंगळा मात्र पुष्कळ शाळांच्या आवारात किंवा शेजारी राहतो. न पचलेली हाडे, केस आणि किड्यांची कठीण आवरणे यांच्या लहान गोळ्या तो तोंडावाटे टाकतो. अशी गोळी काडीने उचलून पाण्यात भिजवली की तिच्यातून उंदराचे दात व भुंग्यांचे पंख निघतात. हात साबणाने धुवावेत, हे अर्थात आलेच.

चौथीच्या वर्गाने यासाठी एक वही ठेवावी. तारीख, वेळ, झाडाचे नाव, पक्षी काय करीत होता, गोळीत काय निघाले, आणि पाहणाऱ्याचे नाव. जे दिसले नाही ते लिहू नये. शंका असेल तेथे 'शंका' असेच लिहावे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ढोलीत पिले असण्याचा संभव असतो. त्या दिवसांत मुलांनी दूरवरूनच पाहावे, ढोलीत हात घालू नये. आवारातील जुने झाड तोडण्याचा विचार निघाला, तर आधी ही वही गावकऱ्यांपुढे ठेवावी.