देवीच्या टेकडीखालची मराठी



आजचा विषय धार आणि देवास येथील मराठी माणसांचा आहे. ही माणसे इथे कशी आली हे इतिहासाने पुष्कळ सांगितले आहे. त्यांची भाषा कशाच्या आधारावर टिकली आणि तो आधार गेल्यावर तिचे काय झाले, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. आज तेवढेच विचारायचे आहे.

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी आजच्या धार जिल्ह्यातील अमझेरा येथे चिमाजी आप्पांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार गिरधर बहादुर याचा पराभव केला. उदाजी पवार त्या मोहिमेत होते. पुढे पवारांची एक शाखा धारला स्थिरावली. तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या शाखा देवासला राहिल्या. धारचे यशवंतराव पवार १७६१ साली पानिपतावर पडले. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्या किल्ल्यातच झाला. पवार स्वतःचे मूळ भोजराजाच्या परमार कुळाशी जोडत. म्हणजे आपल्या लेखी जे दक्षिणेतून माळव्यात आले, ते स्वतःच्या लेखी घरी परतले होते. मूळ कोठले, हा प्रश्न इथे पहिल्यापासूनच दुपदरी आहे.

देवासची रचना तर साऱ्या हिंदुस्थानात वेगळी. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात, दोन राजे, दोन दरबार. गावावर एक टेकडी, तिच्यावर देवीची दोन ठाणी. त्यातली एक तुळजाभवानी, दुसरी चामुंडा. माळवी माणूस त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतो. तुळजापूरची भवानी इथे बडी माता झाली, यात या गावाचा अर्धा इतिहास आला.

या दरबारांचे कागद मराठीत, मोडी लिपीत लिहिले जात. कारकून, शिक्षक, पुराणिक, वैद्य, गवई यांची घरे दरबाराभोवती वसली. धारच्या शिक्षण खात्यातील काशीनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ साली तेथील परमारकालीन नाट्यशिलालेख उजेडात आणला, तो याच परंपरेतून. संस्थान लहान होते, पण त्यात विद्येला जागा होती.

१९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून देवासला राहिला. तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने पाहिला आणि १९२४ सालच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीच्या शेवटच्या भागात वापरला. त्या उत्सवात तुकारामाचे नाव गायले जाते. पुढे १९५३ साली त्याने देवासवर ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक काढले. आमचा तुकोबा देवासमार्गे इंग्रजी कादंबरीत पोहोचला, याचा आनंद आहेच. पण त्याच दरबारात मराठी बोलणारी कितीतरी माणसे होती. त्या दिवसांबद्दल त्यांनी काय लिहिले? पत्रे लिहिली असतील, हिशेब लिहिले असतील. ते सारे रुमालांत बांधलेले राहिले. आपले गाव जगाला पाहुण्याच्या लेखणीतून कळले.

१९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ साली मध्य प्रदेश झाला. त्याआधीच, १९४७ साली, थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव दत्तक होऊन कोल्हापूरच्या गादीवर गेले होते. राजा दक्षिणेत गेला, प्रजेचे घर इथेच राहिले. शाळेची आणि कचेरीची भाषा हिंदी झाली. मराठी घरात उरली: देवघरात, स्वयंपाकघरात, आजीच्या तोंडी. पितृपक्षात मुली शेजारणींबरोबर भिंतीवर शेणाची संजा काढत, नवरात्रात हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरत. या सरमिसळीला कोणी नुकसान म्हणू नये. माळव्याने आपल्याला कमी दिले नाही.

त्याचा पुरावा देवासमध्येच आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारात हवापालटासाठी इथे आले आणि १९९२ साली जाईपर्यंत इथेच राहिले. घरची कानडी, शिक्षण मुंबईचे, वास्तव्य माळव्यातले. त्यांनी माळवी लोकगीते बायकांच्या तोंडून ऐकली, टिपली, त्यांतून नवे राग घडवले आणि निर्गुणी भजने मैफलीत आणली. जे दुसऱ्याच्या अंगणातून मिळते ते ऐकावे आणि मांडून ठेवावे, हा धडा त्यांनी दिला. आपण स्वतःच्या अंगणाबाबत तेवढे केले का?

इथे दूरचे एक उदाहरण आठवते. आर्मेनियन व्यापारी मायदेशापासून हजारो कोस दूर मद्रासला राहत. त्यांच्यामागे कोणतेही राज्य नव्हते. तरी १७९४ साली त्यांच्या एका धर्मगुरूने, हारुत्युन श्माव्होन्यान यांनी, तिथे ‘अझदरार’ नावाचे नियतकालिक काढले. आर्मेनियन भाषेतील जगातले ते पहिले नियतकालिक. ते दोनेक वर्षांतच बंद पडले, मद्रासची ती वस्तीही पुढे ओसरली. पण त्या भाषेच्या इतिहासात मद्रासचे नाव कायम झाले. आपल्यापाशी तर दोन-तीन राज्ये होती. म्हणूनच कदाचित आपण निर्धास्त राहिलो. दरबार भाषा सांभाळील असे वाटले आणि दरबार गेला तेव्हा भाषेला स्वतःचे असे घर नव्हते.

मग करायचे काय? मोठे ठराव नकोत. वाचकहो, आपल्या माळ्यावरचा रुमाल सोडा. मोडी वाचणारा माणूस शोधा, निदान कागदावर कोणाचे, कोणत्या साली, एवढे तरी लिहून ठेवा. घरातल्या वृद्धांकडून माळव्याच्या मराठीतले शब्द, म्हणी, संजा-भोंडल्याची गाणी टिपून घ्या. हिंदी शब्द मिसळले असतील तर तसेच ठेवा, सुधारू नका. आणि आमच्यासारख्या साहित्यसंस्थांनी दरवर्षी त्यातले थोडे छापावे. राज्ये परत येणार नाहीत, त्याची गरजही नाही. माणसे अजून आहेत, कागद अजून आहेत. यांतले काहीही कायमचे नाही, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये, एवढीच विनंती.