परसात धायटी लावा
(भाषणाचा मजकूर)

भातकापणीनंतर पनवेलकडे आपण कलिंगड, काकडी लावतो. वेल फुलतो, पण कोवळे फळ पिवळे पडून गळते. खत कमी पडले, असे आपण म्हणतो. परंतु या वेलांवर नरफुले व मादीफुले वेगळी असतात. पराग मुख्यतः मधमाशीच वाहून नेते. माशीच आली नाही, तर नुसत्या खताने फळ धरत नाही.

माशी टिकायची तर वेलाला फूल नसतानाही तिला खाद्य हवे. डोंगरउतारावरची धायटी साधारण जानेवारी ते एप्रिल लाल फुलांनी भरते. तिच्या मधावर सातेरी माश्या येतात, शिंजीर पक्षीही येतात. वणवे आणि डोंगरांची खोदाई यांत ही झुडपे जातात. म्हणून दोन-चार परसात वाढवा.

रोपे कर्नाळा अभयारण्यातून उपटू नका, तो गुन्हा आहे. आपल्या बांधावरील झुडपाची सुकलेली बोंडे उन्हाळ्याअखेर काढा. बी फार बारीक असते. कुंडीत चाळलेली माती व वाळू भरून बी वर भुरभुरा, गाडू नका. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल द्या. रोपे सशक्त झाल्यावर पावसाळ्यात, उन्हाच्या व निचऱ्याच्या जागी लावा. फुलोरा संपल्यावर हलकी छाटणी करा.

आसव-अरिष्टांसाठी ही फुले तोडतात. परसातली मात्र झाडावरच राहू द्या.

फवारणी करावीच लागली, तर संध्याकाळी करा. कलिंगड-काकडीची फुले सकाळी उमलतात आणि माश्या तेव्हाच कामावर असतात.

यंदा एक कुंडी तरी भरा.