पहिली किल्ली फिरविण्यापूर्वी
(शाळेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



बक्षीस समारंभात शिक्षकाने पुस्तकांविषयी बोलावे अशी रीत आहे. मी इतिहास आणि मराठी शिकवितो. तरीही आज मोटारीच्या इंजिनाविषयी बोलण्याची परवानगी मागतो. कारण माझ्यावर एका इंजिनाचे देणे आहे.

गोष्ट 2005 सालची. मी दहावीत होतो. अब्बांची जुनी प्रीमियर पद्मिनी भाड्याने चालत असे आणि तिच्यावर आमचे घर चाले. भाईजान, म्हणजे माझे थोरले बंधू, आठवीनंतर शाळा सोडून एका गॅरेजमध्ये उस्तादांच्या हाताखाली लागले होते. त्या वर्षी गाडीचे इंजिन उतरविले. बोअरिंग झाले, क्रँक ग्राइंड करून आणला, नवी बेअरिंगे बसविली. पैसे उसनवारीने उभे केले होते. संध्याकाळी इंजिन गाडीत चढले. उस्ताद जाताना बजावून गेले, "आज कोणी सेल्फ मारायचा नाही. उद्या आधी प्रेशर चढवू, मग स्टार्ट."

भाईजान हात धुण्यास गेले आणि मी किल्ली फिरविली. इंजिन चटकन सुरू झाले. आनंदाच्या भरात मी रेस दिली. समोरचा लाल दिवा विझला नव्हता, पण त्याचा अर्थ मला कोठे ठाऊक होता? मिनिटभरात आतून ठोके ऐकू येऊ लागले. दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा उघडले, तेव्हा नव्या बेअरिंगांवरचा मऊ थर पुसला गेला होता आणि क्रँकवर ओरखडे उठले होते.

मित्रहो, इंजिनात तेल नव्हते असे नाही. खालच्या चेंबरमध्ये ते पुरेपूर भरलेले होते. पण चेंबरमध्ये असणे वेगळे आणि बेअरिंगपर्यंत पोचणे वेगळे. दोन इंच जाडीच्या क्रँकच्या भोवती साधारण एका इंचाच्या दोन हजारांश भागाइतकी फट असते. त्या फटीत तेलाचा पातळ पडदा तयार होतो आणि फिरणारा क्रँक त्या पडद्यावर तरंगतो. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर या अभियंत्याने 1883 च्या सुमारास रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. बेअरिंगच्या माथ्यावर पाडलेल्या भोकातून तेल वर येऊ लागले, म्हणून त्याने बूच मारले. ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. गेज लावले, तेव्हा काटा चौरस इंचाला 200 पौंडांच्या पुढे गेला! ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1886 मध्ये याचे गणित मांडले: फिरणारा आस स्वतःच तेलाला फटीत ओढतो आणि त्या दाबावर उचलला जातो. मात्र ओढण्यासाठी तेथे तेल असावे लागते, आणि ते पोचविण्याचे काम ऑईल पंपाचे.

नव्याने बांधलेल्या इंजिनात पंप कोरडा, फिल्टर रिकामा, तेलाच्या वाटाही रिकाम्या. कोरड्या पंपाच्या दातांमधून हवा निसटते आणि तो तेल ओढू शकत नाही. म्हणून जाणता मिस्त्री पंप बसविण्यापूर्वी त्यात तेल भरतो किंवा साधे व्हॅसलीन भरतो. गरम तेलात ते विरघळून जाते. ग्रीस भरीत नाही, कारण ते वाटेत अडकू शकते. फिल्टर उभा बसणारा असेल तर तोही तेलाने भरून घेतो. मग सर्व प्लग काढतो, कॉईलचा करंट तोडतो, पेट्रोल बंद करतो आणि थांबून थांबून दहा-दहा सेकंद सेल्फ मारतो. प्लग नसल्यामुळे दाब कोंडत नाही, स्फोट होत नाही, बेअरिंगवर भार फारसा येत नाही; इंजिन फक्त हळू फिरते आणि पंप तेल चढवितो. दिव्याच्या स्विचच्या जागी गेज लावून काटा चढताना पाहतो. झाकण उघडून वर रॉकरपाशी तेल आले की नाही हेही बघतो. त्यानंतरच प्लग बसवितो. आजच्या पुष्कळ गाड्यांत रीत बदलली आहे. तेथे कंपनीचे पुस्तक पाहून इंधन बंद करतात, किंवा बाहेरच्या टाकीतून दाबाने तेल आत सोडतात. नियम मात्र तोच: आधी तेल, मग आग.

उस्तादांनी टॉवरचे नाव ऐकले नव्हते. मी दहावीचे विज्ञान पाठ करीत होतो. इंजिन कोणाच्या हातून बिघडले, हे आपण पाहिलेच.

अब्बांनी विचारले तेव्हा भाईजान म्हणाले, "माझ्याकडून झाले." रात्री मला एवढेच म्हणाले, "तुझी परीक्षा जवळ आली आहे." चार महिने त्यांच्या पगारातून पैसे कापले गेले. गाडी उभी होती, तेवढे दिवस अब्बांनी दुसऱ्याची गाडी चालविली. मी पास झालो, पुढे बी.ए., बी.एड. झालो. खरे काय ते अब्बांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. आज अब्बा हयात नाहीत. भाईजान समोर पालकांमध्ये बसले आहेत. त्यांची मुलगी नववीत विज्ञानाचे बक्षीस घेणार आहे. म्हणून हे आजच सांगितले.

पालकहो, आपला मुलगा गॅरेजमध्ये शिकत असेल तर लाज बाळगू नका. पण त्याची शाळाही सोडवू नका. आणि विद्यार्थी मित्रहो, उस्ताद "थांब" म्हणतात तेव्हा थांबा आणि मग "का?" असे अवश्य विचारा. येत्या महिन्यात नववीचा वर्ग भाईजानांच्या गॅरेजमध्ये नेण्याचे ठरले आहे. तेथे एका बांधलेल्या इंजिनाचे प्रेशर चढवायचे आहे. किल्ली कोण फिरविणार ते भाईजान ठरवतील. मी गेजकडे पाहत उभा राहीन.