तिप्पट उंचीचा ‘अल्फा’

अमेरिकेतल्या एस्टेस कंपनीचा ‘अल्फा’ हा मॉडेल रॉकेटचा संच १९६०च्या दशकापासून मुलांच्या हाती आहे. उंची जेमतेम ३१ सेंटिमीटर, कागदी नळीचा व्यास २५ मिलिमीटर. तिथले हौशी लोक अशा रॉकेटची मोठी प्रतिकृती करतात, आणि पुष्कळदा जुन्या सामानातूनच. टाकून दिलेली पुठ्ठ्याची नळी, आपटलेल्या रॉकेटचं शाबूत राहिलेलं टोक, जुनंच पॅराशूट. नळीवरची तिरकी खाच पुट्टीने भरायची, पॉलिश पेपरने घासायची. बोट फिरवल्यावर सांधा लागला नाही की रंग द्यायचा. मला हे काम फार देखणं वाटतं.

पण सगळी मापं तिप्पट केली, तर वजन सत्तावीस पट होतं! त्यात शेपटीचे पंख हलक्या बाल्साऐवजी प्लायवूडचे केले, की तोल मागे सरकतो आणि रॉकेट हवेत कोलांट्या खातं. म्हणून इंधनाची मोटर बसवून ते बोटावर तोलून बघतात. गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबाच्या केंद्रापेक्षा निदान एका व्यासाइतका पुढे हवा, म्हणजे इथे साडेसात सेंटिमीटर. हे अंतर कमी पडलं तर टोकात मातीचा गोळा दाबून बसवायचा. मग तोलाच्या जागी दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवायचं. टोक पुढे राहिलं, तर रॉकेट सरळ जाईल.

एक वस्तू मात्र जुनी चालत नाही, ती म्हणजे मोटर. ती कारखान्यातली, नवी आणि वजनाला पेलणारीच हवी. उडवताना विजेची बत्ती लांबून द्यायची, आकाश मोकळं बघून, मोठ्याने उलटे आकडे मोजत.