उच्च शिक्षण : मूठभरांकडून बहुजनांकडे



१९१६ साली म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा जवळच्याच बन्नूरमधील शेतमजुरांच्या मुलांना त्याचे दार जवळजवळ बंदच होते. पुढे कुलगुरू कुवेंपूंनी (१९५६-६०) उच्च शिक्षणात कन्नडचा आग्रह धरला; १९९६ साली म्हैसूरलाच राज्य मुक्त विद्यापीठ निघाले. २०२१-२२ मध्ये देशातील उच्च शिक्षणाचे ढोबळ नोंदणी प्रमाण २८.४ टक्क्यांवर पोहोचले. मूठभरांची मिरासदारी खिळखिळी झाली, हे जनतेचे यश होय.

परंतु भाषेची भिंत पुरती ढासळण्याआधीच पैशाची भिंत उभी राहिली. कर्नाटकातील कॅपिटेशन फीविरुद्ध मोहिनी जैन यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. १९९२ साली न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. तरीही शिक्षणाचा बाजार थांबला नाही.

म्हणून केवळ प्रवेशसंख्या मोजून भागणार नाही. बन्नूरच्या शेतमजुराची मुलगी पदवी पूर्ण करते, की फीअभावी मध्येच गळते, हीच खरी कसोटी आहे. सरकारी महाविद्यालये, कायम प्राध्यापक, वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांसाठी लढा उभारू या!