गळालेल्या वायूचा हिशेब

(आंतरराष्ट्रीय ओझोन दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी १६ सप्टेंबरला आपल्या सभागृहात एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान होते. ह्या वर्षी ठरलेले पाहुणे आयत्या वेळी येऊ शकले नाहीत आणि अध्यक्ष महोदयांनी मला उभे राहण्याची आज्ञा केली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीनंतर सुटला. त्यामुळे जे शास्त्र मी सांगेन ते वाचून आणि आपल्याच डॉक्टरांना विचारून समजून घेतलेले आहे. माझा स्वतःचा अधिकार खतावणी आणि पावत्यांपुरता. विषयाशी माझी गाठ पडली तीही तेथेच.

प्रथम बाहेरच्या भित्तिपत्रकांविषयी. विद्यार्थिनींनी ती मेहनतीने केली आहेत, परंतु त्यांतील निम्म्यांवर पृथ्वीवरची छत्री फाटलेली आहे आणि त्या भोकातून सूर्याची उष्णता आत येऊन पृथ्वी तापते आहे, असे चित्र आहे. ही समजूत सर्वत्र आढळते. मीही ती अनेक वर्षे बाळगून होतो. ती बरोबर नाही. ओझोनचा थर जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात असतो. हा सारा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाखाली आणून पसरला, तर त्याची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. त्याचे काम सूर्याचे अतिनील किरण शोषण्याचे. तो विरळ झाला की त्वचेचा कर्करोग, मोतीबिंदू, पिकांची हानी ह्यांचा धोका वाढतो. पृथ्वी तापते ती वेगळ्या कारणाने. जमिनीवरून परत अवकाशात जाणारी उष्णता कार्बन डायऑक्साइडसारखे वायू अडवून धरतात, म्हणून.

म्हणजे दुखणी दोन आहेत. मग त्यांचे नाते काय? तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो आणि हृदयविकारही होतो. म्हणून कर्करोगामुळे हृदयविकार झाला असे आपले डॉक्टर म्हणत नाहीत. दोन्हींच्या मुळाशी तंबाखू आहे असे म्हणतात. येथेही तसेच आहे. ज्या वायूंनी ओझोनचा थर कुरतडला, तेच वायू उष्णता अडवण्यातही कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी प्रबळ आहेत.

हे वायू माणसाने चांगल्या हेतूने निर्माण केले, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू वापरत आणि ते गळून माणसे दगावत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली ह्यांनी क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हा पर्याय पुढे आणला. त्याला वास नाही, तो पेट घेत नाही, विषारी नाही आणि कशाशी सहजासहजी संयोगही पावत नाही. रक्तपेढी, लसींची साठवण, शस्त्रक्रियागृह, दम्याचे फवारे ह्या सर्वांना त्याचा उपयोग झाला. मात्र कशाशीही संयोग न पावणारा वायू नाहीसाही होत नाही. तो वर्षानुवर्षे वर चढत राहतो. स्थितांबरात पोहोचल्यावर अतिनील किरणांनी त्याचे रेणू फुटतात आणि क्लोरिन सुटा होतो. क्लोरिनचा एक अणू ओझोनचे सुमारे एक लाख रेणू मोडू शकतो. हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड ह्यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील हॅली तळाच्या नोंदींवरून जोसेफ फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील वसंत ऋतूत ओझोन झपाट्याने घटत असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा जग हादरले.

उष्णतेचा भाग मात्र एका भारतीयाने दाखवून दिला, आणि ही हकीकत मला सर्वांत जवळची वाटते. वीरभद्रन रामनाथन हे तरुण अभियंता असताना सिकंदराबादच्या एका शीतयंत्रांच्या कारखान्यात नोकरीला होते. शीतयंत्रांतून वायू का गळतो, ते शोधण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते काम त्यांना फारसे आवडले नाही असे ते स्वतःच सांगतात. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९७५ मध्ये त्यांनी दाखवून दिले, की सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूपेक्षा दहा हजार पटींहून अधिक उष्णता अडवतो. तोपर्यंत हवामानाच्या संदर्भात ह्या वायूंचा विचार सहसा कोणी केलेला नव्हता. गळतीची चौकशी करणाऱ्या माणसानेच गळालेल्या मालाची किंमत शोधून काढली.

आता माझ्या खतावणीकडे येतो. १९९० च्या दशकाच्या मध्यात मी लेखा विभागात नवा होतो. शवागाराच्या शीतपेटीचा कॉम्प्रेसर बिघडला. दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकने मागच्या अंगणात नळी कापली आणि आतला गॅस सोडून दिला. फुस्स असा आवाज बराच वेळ येत राहिला. मी व्हाउचरचे पुस्तक घेऊन शेजारी उभा होतो. काही धोका नाही ना, असे मी विचारले. तो म्हणाला, “काही नाही साहेब, ना वास ना आग.” तेव्हा तसे करण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. मी सही केली, नव्या गॅसचे बिल ‘दुरुस्ती व देखभाल’ ह्या शीर्षाखाली टाकले आणि विसरून गेलो. तो सीएफसी-१२ असावा, हे पुष्कळ वर्षांनी कळले. त्याचा एक किलो वातावरणात गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे १०,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप देतो.

त्यानंतर वातानुकूलन यंत्रे वाढली आणि दर उन्हाळ्यात ‘गॅस संपला, भरला’ अशी बिले येत राहिली. त्या शब्दावर मी कधी थांबलो नाही, ह्याचे आज मला वाईट वाटते. डिझेल संपते, ऑक्सिजन संपतो; शीतयंत्रातला गॅस संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि यंत्र मोडीत निघेपर्यंत तेवढाच राहायला हवा. तो भरावा लागतो ह्याचा अर्थ एकच, की आधीचा गळाला. जमेच्या बाजूला खरेदी आहे, यंत्रांची संख्या तीच आहे, शिल्लक नाही. मग माल गेला कोठे, हा प्रश्न औषध भांडाराबाबत मी एका दिवसात विचारला असता. लेखापरीक्षकांनीही तो कधी विचारला नाही, कारण रक्कम लहान होती.

रकमेने लहान, पण वजनाने पाहा. आपल्या जुन्या यंत्रांत आर-२२ हा वायू आहे. तो ओझोनला सीएफसीपेक्षा पुष्कळ कमी हानी करतो, म्हणून मधल्या काळातील पर्याय म्हणून स्वीकारला गेला. उष्णतेच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८१० पट आहे. दहा किलोचा एक सिलिंडर गळाला की अठरा टन. एवढा कार्बन डायऑक्साइड निघण्यासाठी सुमारे ६,७०० लिटर डिझेल जाळावे लागेल. लिटरला दहा किलोमीटर धरले, तर आपली रुग्णवाहिका तेवढ्यात ६७,००० किलोमीटर धावेल. रुग्णवाहिकेच्या प्रत्येक फेरीची नोंद आपण ठेवतो.

जगाने ह्या बाबतीत जे केले ते हिशेबाच्या दृष्टीनेही वाखाणण्यासारखे आहे. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत बहुपक्षीय निधीची तरतूद झाली, म्हणजे विकसनशील देशांना नव्या तंत्रज्ञानाचा वाढीव खर्च श्रीमंत देशांनी द्यायचा. माझ्या मते हा करार टिकला तो ह्या निधीमुळे. नुसत्या आवाहनांनी टिकला नसता. भारत १९९२ मध्ये सामील झाला, २००० मध्ये आपले नियम आले आणि २०१० च्या आरंभापासून, दम्याच्या फवाऱ्यांचा अपवाद सोडला तर, सीएफसीचा वापर थांबला. पुढे काही वर्षांत तो अपवादही संपला. १ जानेवारी २०२५ पासून आर-२२ वर चालणारी नवी यंत्रे आपल्याकडे तयार करता येत नाहीत. जुन्यांच्या दुरुस्तीपुरता तो अजून मिळतो. २०२२ च्या शास्त्रीय आढाव्यानुसार करार पाळला गेला, तर ओझोनचा थर जगाच्या बहुतेक भागांत २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल. रुग्ण बरा होतो आहे, पण उपचार मध्येच सोडता येणार नाहीत.

परंतु एका औषधाचा दुष्परिणाम उरला. सीएफसी आणि आर-२२ च्या जागी जे हायड्रोफ्लुओरोकार्बन आले त्यांत क्लोरिन नाही, म्हणून ओझोनला इजा नाही. उष्णता मात्र ते अडवतातच. बाजारातील आर-४१०ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट आहे, म्हणजे आर-२२ पेक्षाही जास्त. यंत्रावर ‘ओझोनस्नेही’ असे हिरवे लेबल असते. ते खोटे नाही, पण अर्धेच सांगते. हा अर्धा भाग सावरण्यासाठी ऑक्टोबर २०१६ मध्ये रुवांडातील किगाली येथे दुरुस्ती झाली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. आपली कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची आहे.

डॉक्टर मंडळींच्या प्रांतात मी भीत भीतच पाऊल टाकतो. भुलेसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड ओझोनही मोडतो आणि उष्णताही अडवतो. माँट्रियल करारात तो नाहीच. जगातील त्याच्या उत्सर्जनात मोठा वाटा शेतीतील नत्रखतांचा आहे, रुग्णालयांचा लहान. तरीही ब्रिटनमधील काही रुग्णालयांनी तपासणी केली तेव्हा मध्यवर्ती नळातून सोडलेल्या ह्या वायूचा बहुतांश भाग रुग्णापर्यंत पोहोचतच नाही, असे आढळले. हे वाचून मी आपल्या भूलतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी महिन्याचे सिलिंडर आणि शस्त्रक्रियांची यादी शेजारी ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी नळ बंद करून यंत्रालाच लहान सिलिंडर जोडण्याचे ठरवले. ह्यात रुग्णाच्या सुरक्षिततेशी कोणतीही तडजोड नाही, असे त्यांनी मला लेखी दिले आहे. प्रशासक म्हणून ते मी मागून घेतले.

दम्याच्या फवाऱ्यांबाबत एक सावधगिरी. आजच्या फवाऱ्यांत सीएफसी नसला तरी उष्णता अडवणारा वायू असतो आणि कोरडी भुकटी ओढण्याच्या साधनांत तो नसतो. पण कोणते साधन द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे. हवामानाच्या काळजीने कोणा रुग्णाने आपला पंप बंद करू नये. तसेच आपल्या नेत्रशिबिरांत येणारे मोतीबिंदू ओझोनच्या छिद्रामुळे आहेत, असेही कोणी फलकावर लिहू नये. आपल्या अक्षांशावर असे छिद्र पडलेले नाही. पुण्याहून हवामान खाते उपकरणे लावलेले फुगे सोडून वरचा ओझोन मोजत आले आहे. त्यासाठीचे भारतीय बनावटीचे उपकरण अन्ना मणी ह्यांच्या नेतृत्वाखाली घडले, हे विद्यार्थिनींनी अवश्य वाचावे. आपल्याकडचे ऊन मुळातच प्रखर आहे. दिवसभर शेतात राबणाऱ्याच्या डोळ्याला ते पुरेसे आहे.

शेवटी शस्त्रक्रियागृहाच्या नव्या यंत्रणेविषयी, कारण त्यावर मंडळात बरीच चर्चा झाली. दोन प्रस्ताव होते. एक आर-४१०ए चा, स्वस्त. दुसरा आर-३२ चा, ज्याचा ताप सुमारे ६७५ पट, म्हणजे एक-तृतीयांशाहून कमी. पण यंत्र महाग, आणि वायू किंचित ज्वलनशील असल्याने तो गच्चीवरच ठेवून खाली फक्त थंड पाणी आणायचे. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, की ह्या फरकाच्या रकमेत किती निर्धन रुग्णांच्या शस्त्रक्रिया झाल्या असत्या? प्रश्न रास्त होता आणि मी त्यांना आकडा काढून दिला. तो लहान नव्हता. मग मी मागील दहा वर्षांची गॅस भरण्याची बिले मांडली आणि आधी सर्व जुन्या यंत्रांच्या गळती शोधून बुजवाव्यात, अशी विनंती केली. तिला फारसा खर्च आला नाही. त्यातून बिले थांबली, तेवढ्या बचतीने फरकाचा काही भाग निघाला आणि उरलेला एका देणगीदाराने उचलला. प्रत्येक वेळी हे असे जमेल, असे मी म्हणणार नाही.

जुन्या यंत्रातील आर-२२ ह्या खेपेस हवेत सोडला नाही. तंत्रज्ञाने तो यंत्राने ओढून वेगळ्या सिलिंडरमध्ये भरला. तो शुद्ध करून पुन्हा वापरणारी किंवा नष्ट करणारी सोय आपल्या जिल्ह्यात मला अजून सापडलेली नाही. पत्रव्यवहार चालू आहे. तोपर्यंत सिलिंडर भांडारात कुलपाखाली उभा आहे. भांडारपालांनी विचारले, ह्याची नोंद कोणत्या शीर्षाखाली करू? मालमत्ता म्हणावी तर ती विकायची नाही, भंगार म्हणावे तर ते टाकायचे नाही. मी त्यांना वेगळी वही घालून दिली आहे. पहिल्या पानावर वजन आणि तारीख आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते वजन पुन्हा करून लिहावयाचे आहे.