कलानगरीचे विश्वस्त
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



संस्थेने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, याबद्दल प्रथम मनःपूर्वक अभिनंदन.

आपल्या कोल्हापूरला आपण अभिमानाने ‘कलापूर’ म्हणतो. हे नाव कोणी मिळवून दिले, असे विचारताच थोर कलावंतांची नावे ओठांवर येतात. परंतु कलावंताच्या मागे एखादी वास्तू असते आणि त्या वास्तूच्या मागे कोणीतरी दाता असतो. आज या दोघांचे स्मरण करावे, अशी माझी इच्छा आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान उभारले आणि त्याच्या शेजारीच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर साकारले. मल्ल आणि नट यांना त्यांनी जणू एकाच अंगणात मानाचे पान वाढले. त्या नाट्यगृहाला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवराव याच मातीतले. १९०८ मध्ये त्यांनी ‘ललितकलादर्श’ स्थापन केली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसमवेत ‘संयुक्त मानापमान’ केले आणि त्याच वर्षी हा सूर्य अकाली मावळला.

महाराजांनी आश्रय दिलेल्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांमुळे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी येथे रुजली. १८८३ पासूनच्या गायन समाज देवल क्लबने रसिकांचे कान घडविले. गाणारा मोठा होतो, तो जाणकार ऐकणाऱ्यांमुळेच.

केवळ राजाश्रयावर मात्र हे नगर उभे राहिले नाही. बाबूराव पेंटर हे सुतार-कारागिरांच्या कुळातले. रंगभूमीचे पडदे रंगविता रंगविता त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. एका कलावतीच्या औदार्यातून १९२० चा ‘सैरंध्री’ हा चित्रपट साकारला. याच कंपनीत घडलेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर पुढे बाहेर पडले व १९२९ मध्ये सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ सुरू केली. १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला गेली, तरी तिची मुळे येथलीच होती. बाबूरावांचे नाव आपण घेतो. तानीबाईंचे किती जण घेतात?

बंधुभगिनींनो, या वास्तूंनी आघातही सोसले. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. भालजींनी तो जिद्दीने पुन्हा उभा केला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, त्यांच्या नावाचे नाट्यगृह आगीत होरपळले. अनेक कोल्हापूरकरांचे डोळे त्या रात्री पाणावले. घरातले माणूस गेल्यावर यावे, तसे ते अश्रू होते.

भिंती निधीतून पुन्हा उभ्या राहतात. पण रिकाम्या खुर्च्यांसमोर रंगभूमी जगत नाही. म्हणून प्रश्न केवळ जीर्णोद्धाराचा नाही, आपल्या उपस्थितीचाही आहे.

एखादी वास्तू पन्नास वर्षे सांभाळणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. दिवाबत्तीपासून हिशेबाच्या वहीपर्यंत कोणीतरी निमूटपणे झिजलेले असते. विश्वस्त हा मालक नसतो. मागच्यांकडून आलेली ठेव पुढच्यांच्या हाती सुखरूप देणारा असतो. नगराच्या कलेच्या बाबतीत आपण प्रत्येक जण असेच विश्वस्त आहोत.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तीन साध्या विनंत्या करतो. घरातील जुनी छायाचित्रे, नाटकांच्या जाहिराती, ध्वनिमुद्रिका रद्दीत घालू नका. त्यांची नोंद करून ठेवा. वर्षातून काही वेळा तरी नातवंडांचा हात धरून नाटकाला, गायनाच्या बैठकीला जा. आणि संस्थेच्या सभागृहाची एखादी सायंकाळ नवोदित गायक-चित्रकारांसाठी विनामूल्य राखून ठेवा.

दानाची परंपरा आपल्या समाजाला नवी नाही. त्या दानाचा एक अंश कलेच्या ओंजळीतही पडो, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!